संभाजीनगरची जुनी फरसबंदी आणि तिचे सांधे

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात दगडाला कधीच तोटा नव्हता. लाव्हारसाचे थर साचून बनलेला बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, देवगिरीपासून वेरूळपर्यंत सर्वत्र उघडा पडलेला आहे, आणि १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी, म्हणजे हेच शहर, वसवल्यानंतर दरवाजे, हौद व अंगणे यांच्यासाठी मुख्यतः तोच वापरला गेला. मात्र घडीव दगड एकमेकांना भिडवून उघड्यावर केलेली जमीन, म्हणजेच फरसबंदी, केवळ दगडाच्या कठीणपणावर टिकत नाही. सांधे भरलेले आणि पाणी वाहून जाण्यापुरता उतार राखलेला असेल, तरच ती शतके काढते.

सांध्यांत चुना असे. चुनखडी भाजून, विझवून आणि तीत वाळू किंवा विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून तो बैलाच्या घाण्यात मळला जाई. काही ठिकाणी गूळ, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचे पाणीही मिसळत. हा चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश घट्ट होतो, तरी दगडापेक्षा मऊच राहतो, त्यामुळे उन्हाने तापलेल्या दगडाची हालचाल तो सोसतो आणि जमिनीतील ओल त्यातून निघून जाते. झिजायचे ते सांध्याने, अशीच ही रचना असल्यामुळे झिजलेला चुना खरवडून दरजा, म्हणजे सांध्यांच्या फटी, नव्याने भरणे ही मुख्य देखभाल ठरते आणि खराट्याने झाडणे, शेवाळ घासणे ही तिच्या जोडीची कामे होत.

शहरातील पाणचक्कीच्या आवारात सांध्यांच्या देखभालीचे महत्त्व स्पष्ट कळते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतच्या या अठराव्या शतकातील रचनेत डोंगराकडून मातीच्या नळांनी पाणी आणले असून, मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. तेथे सांध्याकडे दुर्लक्ष झाले तर त्याची साक्ष दालनातच ठिबकणार. बीबी का मकबरा येथील प्रश्न निराळा आहे. अताउल्ला आणि हंसपत राय यांनी उभारलेल्या या वास्तूत संगमरवर, बेसाल्ट आणि चुन्याचा गिलावा शेजारी शेजारी येतात, आणि सुमारे ४५८ बाय २७५ मीटरच्या आवारातील वाटांना कारंज्यांच्या पाण्याची सोबत आहे. साहजिकच एका दगडाला मानवणारे सफाईचे द्रावण दुसऱ्याला मारक ठरू शकते.

निजामाच्या राज्यात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि देखभालीला सरकारी शिस्त आली, पण विसाव्या शतकात सिमेंटही आले. सिमेंटची दरज नेटकी दिसते, म्हणून जुन्या वाड्यांच्या अंगणांत तिला पसंती मिळते. हा नेटकेपणा महाग पडतो. ताठर सिमेंट ओल अडवते, अडलेल्या पाण्यातील क्षार दगडाच्या कडेला स्फटिकरूपाने फुगतात आणि कड खपल्यांनी सुटू लागते. सफाईसाठी वापरलेल्या ॲसिडने तर तत्काळ नुकसान होते, कारण ते संगमरवर आणि चुना दोन्ही विरघळवते. जुन्या अंगणांच्या मालकांनी पावसाळ्यापूर्वी सांध्यांतील गवत व पिंपळाची रोपे मुळासकट काढावीत, दरजा चुन्यानेच भरून घ्याव्यात, शेवाळासाठी काथ्याचा ब्रश आणि साधे पाणी वापरावे, आणि ॲसिडची बाटली अंगणापासून दूर ठेवावी.