वाशीमहून चॅपेल हिल किती लांब?

मंडळी, या शनिवारी कोड बाजूला ठेवून थोडा इतिहास. निमित्त घरचंच. वाशीमची माझी भाची अमरावतीला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतेय, आणि तिला अमेरिकेत पीएचडी करायचीय. "मामा, माझे चान्सेस किती?"

आता हा प्रश्नच संख्याशास्त्राचा! पण डेटा कुठला घ्यायचा? प्रवेश मिळालेले आपले मार्क सांगत फिरतात, न मिळालेले गप्प बसतात. म्हणजे पंगतीतून उठलेल्यांनाच विचारायचं, जेवण मिळालं का? आणि एका अर्जाची फी बऱ्याच ठिकाणी 75 ते 100 डॉलर. दहा अर्ज म्हणजे भाऊजींचं पंधराएक क्विंटल सोयाबीन.

म्हणून टक्केवारी सोडून मी आपल्या भागातला एक माणूस कसा पोचला ते बघितलं. शरदचंद्र शंकर श्रीखंडे. जन्म 1917, सागरचा. तेव्हा सागर, नागपूर आणि अकोला जिल्ह्यातलं आपलं वाशीम, सगळं एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात. (वाशीम वेगळा जिल्हा झाला तो 1998 साली.) ते शिकले नागपूरच्या सायन्स कॉलेजात. पहिल्या वर्गाचे हुशार विद्यार्थी, पण नागपूरचा पहिला वर्ग अमेरिकेत कोण ओळखणार?

मला महत्त्वाचा वाटतो तो मधला टप्पा. श्रीखंडे काही काळ कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. तिथे राज चंद्र बोस भेटले. पुढे श्रीखंडे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपेल हिलला गेले. हॅरोल्ड हॉटेलिंगनी तिथला संख्याशास्त्र विभाग 1946 साली सुरू केला होता. विभाग कोवळा, माणसं हवीच होती. 1949 मध्ये बोसही तिथे प्राध्यापक झाले आणि 1950 साली त्यांच्याच हाताखाली श्रीखंड्यांची पीएचडी झाली.

मग ते नागपूरला परत येऊन शिकवत राहिले! 1959 मध्ये, पुन्हा चॅपेल हिलला असताना, बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ऑयलरचं 1782 सालचं लॅटिन चौरसांबद्दलचं अनुमान खोटं पाडलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी. 2020 साली, 102 वर्षांचे होऊन ते गेले.

एका उदाहरणावरून अनुमान काढू नये, हे भाचीच मला ऐकवेल. कबूल. पण आजही प्रवेश समितीला दोन गोष्टी बघायच्या असतात: रिअल अ‍ॅनालिसिस, लिनियर अल्जेब्रा पक्कं आहे का, आणि हिला काम करताना कुणी जवळून पाहिलंय का. जीआरई तर 2020 नंतर कित्येक विभागांनी काढूनच टाकली. म्हणजे शिफारसपत्राचं वजन वाढलं. "मुलगी हुशार व मेहनती आहे" छापाचं पत्र काही कामाचं नाही.

तिला टक्का काही सांगितला नाही. म्हटलं, यंदा चारच अर्ज कर, आणि त्याआधी सहा महिने कुणा चांगल्या संशोधकाकडे प्रोजेक्ट मिळव. कलकत्ता, पुणे, कुठेही. "आणि नाही मिळालं तर?" असं तिनं विचारलंय. उत्तर द्यायचं बाकी आहे.