पालि वाङ्मयातील ‘योग’

संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०१४ च्या ठरावानुसार २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने उपासक-उपासिका आम्हांस विचारतात, की योग हा वैदिकांचा. तो आपण का करावा? या प्रश्नामागची वेदना आम्ही जाणतो. परंतु त्यात जे गृहीत धरले आहे, ते इतिहासाला धरून नाही.

पालित ‘योग’ म्हणजे प्रथमतः जू, जोखड. बैल जुवाला जुंपावा तसा मनुष्य ज्यांना जुंपला जातो असे चार योग सुत्तपिटकात येतात : काम, भव, दिट्ठी आणि अविज्जा. त्यांपासून सुटका म्हणजे ‘योगक्खेम’. दुसरा अर्थ सतत उद्योग, अभ्यास. धम्मपदाच्या मग्गवग्गात योगाने प्रज्ञा वाढते असे सांगितले आहे ते याच अर्थाने. मिलिन्दपञ्ह आणि विसुद्धिमग्ग हे ग्रंथ तर साधकाला ‘योगावचर’च म्हणतात. जखडणारे आणि सोडवणारे, दोहोंसाठी एकच शब्द!

आता प्रत्यक्ष साधनेकडे वळू. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तानुसार बोधिसत्त्व गौतमांनी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यानाच्या उच्च अवस्था आत्मसात केल्या, आणि त्या निब्बाणाप्रत नेत नाहीत म्हणून सोडून दिल्या. पुढे महासच्चक सुत्तात श्वासनिरोधाचे वर्णन आहे. नाक-तोंड बंद करताच वारा कानांतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज करीत निघू लागला. कानही रोखले, तेव्हा तीक्ष्ण शस्त्राने टोचावे तशी मस्तकात वेदना उठली. बलवान माणसाने चामड्याच्या पट्ट्याने डोके आवळावे तसे झाले. पोटात खाटकाने सुरी फिरवल्यासारखी व्यथा, आणि शेवटी अंगाचा दाह. ही ऐकीव टीका नव्हे. स्वतः करून पाहून दिलेला निकाल आहे. परमपूज्य बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात गौतमांच्या समाधिमार्गाच्या शिक्षणाला आणि तपश्चर्येच्या कसोटीला स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत.

या अनुभवानंतर तथागतांनी श्वास सोडला नाही, श्वासावरील जबरदस्ती सोडली. आनापानसती सुत्तातील सोळा पायऱ्यांपैकी पहिल्या दोन अगदी साध्या आहेत : श्वास दीर्घ असेल तर दीर्घ आहे हे जाणावे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणावे. तो लांबवावा किंवा कोंडावा असे तेथे कोठेही नाही. नवसाधकाने एवढ्यावरच पुष्कळ दिवस काढावेत.

पतंजलींचे योगसूत्र बरेच आधुनिक संशोधक इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातील मानतात, म्हणजे तथागतांनंतर काही शतकांचे. त्यातील मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चतुष्टय आमच्या वाचकांना ब्रह्मविहार म्हणून परिचितच आहे. श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी, प्रज्ञा ही पाच नावेही तेथे क्रमाने येतात. ती आपली पंचेंद्रिये होत. ईश्वरप्रणिधान आणि पुरुष मात्र धम्मात बसत नाहीत. भेद आहे तो येथे, आणि तो झाकण्याचे कारण नाही.

आसनांविषयी त्या सूत्रांत अवघी तीन सूत्रे आहेत. शरीराच्या बंध-मुद्रांचा हठयोग पुष्कळ नंतरचा. त्याच्या साधना शिकविणारा, आज ज्ञात असलेल्यांत सर्वांत जुना ग्रंथ ‘अमृतसिद्धि’ हा अकराव्या शतकातील असून तो वज्रयान बौद्धांच्या परिसरात रचला गेला, असे त्याच्या २०२१ च्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक जेम्स मॅलिन्सन आणि पेटर सांतो यांनी दाखविले आहे. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेतही आसने पंधराच. आज शिबिरांतून शिकविली जाणारी लांबलचक आसनमाला बव्हंशी विसाव्या शतकात घडली. ती उपासकांनी व्यायाम म्हणून खुशाल करावी. मांडी घालून पाठ ताठ ठेवणे ज्यांना जड जाते, त्यांना आनापानसतीला बसताना तिचा उपयोगच होईल.