बाबांची पद्मिनी, निळं फडकं आणि ड्युको

आजचा भागही इतिहासाचाच आहे, पण सुरुवात होते साताऱ्यातल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे आमची प्रीमियर पद्मिनी उभी असते. १९८४ ची, निळी, आजोबांनी घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या बंद झाल्या, आमची मात्र अजून चालते. ताईचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी जाहीर केलं की नवरीला कार्यालयात पद्मिनीतूनच न्यायचं. मी म्हटलं, चार दिवस सुट्टी काढतो आणि गाडी आरशासारखी करून देतो.

आता मी कोण? दिवसभर कोड लिहिणारा माणूस. पुण्यातल्या माझ्या स्वतःच्या गाडीवर मी हे सगळं केलेलं होतं. धुणे, क्ले, कंपाउंड, पॉलिश, वॅक्स. टप्पे पाठ होते, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर होता. इथेच घोळ झाला.

पहिला दिवस धुण्याचा. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक नुसत्या पाण्याची, म्हणजे फडक्यातली वाळू परत गाडीवर जात नाही. मग क्ले. ही मातीच्या गोळ्यासारखी वस्तू मूळची जपानची. गॅरेजमध्ये उडालेल्या रंगाचे शिंतोडे काढायला तिथे वापरायचे, नंतर ती जगभर गेली. ओल्या पत्र्यावरून गोळा फिरवला की रंगात रुतलेले लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके त्याला चिकटून येतात. आमच्या गाडीवर गोळा हळूहळू निळसर व्हायला लागला. ते मला दिसलं होतं. मी दुर्लक्ष केलं. लॉगमधली वॉर्निंग वाचूनही पुढे जातो ना आपण, अगदी तसंच.

दुसऱ्या दिवशी क्रोम पट्ट्यांना मास्किंग टेप लावला. ह्या टेपची गोष्ट सांगायलाच हवी. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ३एम कंपनीने पाण्यात भिजवून वापरता येणारा पॉलिश पेपर बाजारात आणला. आपले पेंटर ज्याला वॉटर पेपर म्हणतात, तोच. कल्पना फ्रान्सिस ओकी नावाच्या, शाई बनवणाऱ्या माणसाची. तेव्हाच्या रंगांत शिसं असायचं. कोरडं घासलं की त्याची धूळ थेट पेंटरच्या छातीत जायची, ओलं घासलं की धूळ खाली बसते. ह्या पेपरचे नमुने घेऊन रिचर्ड ड्रू नावाचा ३एमचा तरुण कर्मचारी सेंट पॉल शहरातल्या एका गॅरेजात गेला. तिथले पेंटर वैतागलेले. दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन आली होती आणि एक रंग झाकायला लावलेली चिकटपट्टी काढताना खालचा ताजा रंगही सोलून यायचा. ड्रूने डोकं चालवलं आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार झाला. थोडक्यात काय, तुमच्या घरच्या ड्रॉवरमधला टेप हे गाडी रंगवणाऱ्यांच्या वैतागाचं फळ आहे.

टेप लावून झाला. मशीनला पॅड बसवलं, कंपाउंड घेतलं आणि बॉनेटवर फिरवलं. दोन मिनिटांत पॅड निळंशार.

माझ्या पोटात गोळा आला. नव्या गाडीवर पॅड कधी रंगत नाही, कारण रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो आणि आपण घासतो तो तोच. ही पद्धत १९८० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर आली. आमच्या गाडीवर क्लिअर कोट नाहीच. पॅडवर होता तो आमच्या गाडीचा खरा रंग. मशीन बंद केलं तोवर बॉनेटच्या कडेला, जिथे पत्रा वळतो तिथे, बोटभर लांबीची राखाडी रेघ दिसायला लागली होती. प्रायमर. लग्नाला आठ दिवस.

मी गल्लीच्या टोकाच्या गॅरेजवाल्या काकांना बोलावून आणलं. त्यांनी बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. डिकी उघडली, आतल्या कडेला थिनरमध्ये भिजवलेला कापूस टेकवला. कापूस लगेच निळा झाला.

"आधी ते मशीन बाजूला ठेव बाळ," काका म्हणाले. "ड्युको आहे हा. शहाण्णव साली मीच मारलाय."

ड्युको! हा शब्द मी फक्त सुताराच्या तोंडून ऐकला होता. दाराला ड्युको करायचा का, किचनच्या शटरला ड्युको करायचा का, वगैरे. मला वाटायचं हा आपल्याकडचाच कुठला तरी शब्द असावा. त्या रात्री शोधत बसलो आणि हा भाग जन्माला आला.

तर, गाड्या जेव्हा नवीन होत्या तेव्हा त्या घोडागाडीसारख्याच रंगवायच्या. तेलाचा रंग, वर व्हार्निश, सगळं ब्रशने. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, प्युमिस दगडाच्या पुडीने घासायचा, मग पुढचा थर. असे कित्येक थर. चांगल्या गाडीचं हे काम आठवडेच्या आठवडे चालायचं. आता विचार करा, १९१३ मध्ये हेन्री फोर्डने हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन सुरू केली. गाडी काही तासांत जोडून होते आणि रंग वाळायला आठवडे? सगळं तिथेच तुंबणार. बॉटलनेक. १९१४ ते १९२५ मॉडेल टी फक्त काळी मिळायची, ती ह्याच काळात. काळा सगळ्यात लवकर वाळतो म्हणून, असं सगळे सांगतात. मला ते अर्धंच पटतं. डांबरी जातीचा तो काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि भट्टीत भाजता यायचा. कारखान्याच्या मालकाला आणखी काय हवं असतं?

उत्तर आलं ते कापसातून. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज बनतं. एका रूपात ती तोफेची दारू, दुसऱ्या रूपात सिनेमाची फिल्म. आपल्या फाळक्यांचा १९१३ चा राजा हरिश्चंद्र ह्याच, पटकन पेट घेणाऱ्या फिल्मवर होता. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँट कंपनीने दारूगोळा प्रचंड बनवला, युद्ध संपल्यावर ह्या मालाचं करायचं काय हा प्रश्न होताच. नायट्रोसेल्युलोजचं लॅकर आधीही होतं, पण ते इतकं घट्ट की खूप पातळ करावं लागायचं आणि थर अगदीच क्षीण बसायचा. ड्यूपाँटला ते कमी घट्ट करायची युक्ती सापडली. आता त्यात भरपूर रंग मिसळता येऊ लागला आणि तो स्प्रेने मारता येऊ लागला. पिएर ड्यू पाँट १९२० ते १९२३ जनरल मोटर्सचे अध्यक्षही होते, त्यामुळे गिऱ्हाईक घरातच. १९२३ मध्ये जनरल मोटर्सची ओकलंड गाडी निळ्या रंगात बाजारात आली. रंगाचं नाव ट्रू ब्लू, आणि लॅकरचं नाव ड्युको.

आठवड्यांचं काम तासांवर आलं. रंगीत गाड्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या आणि १९२६ च्या मॉडेलला फोर्डलाही रंग परत आणावे लागले. शंभर वर्षांनंतर ब्रँडचं नाव आपल्या सुतारांच्या तोंडी उरलंय.

पण ड्युकोचे दोन गुण तेव्हापासूनच होते. एक, तो रासायनिक क्रियेने पक्का होत नाही, नुसता थिनर उडून जातो आणि थर मागे राहतो. म्हणून तीस वर्षांनीही थिनर लागला की परत विरघळतो. काकांचा कापूस हेच तपासत होता. दुसरं, मारल्यावर तो चमकतच नाही! मंद दिसतो. चमक आणायला कारखान्यातच घासावा लागायचा. म्हणजे ड्युकोच्या गाडीची चमक पहिल्या दिवसापासून रंग काढूनच आलेली असते. ओरखडा म्हणजे रंगातली दरी, आणि दरी भरता येत नाही, आजूबाजूचा डोंगर खाली आणायचा.

तिसऱ्या दिवशी मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं. दारांवर १८० मायक्रॉनच्या आसपास. डिकीवर १७०. बॉनेटवर ६५. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे बॉनेटवर प्रायमर धरून एका केसाइतकंही काही उरलेलं नाही. हे माझ्या दोन मिनिटांत होणं शक्य नव्हतं.

मग लक्षात आलं. बाबा. दर दसऱ्याला, पूजेच्या आदल्या दिवशी, बाबा रबिंग कंपाउंडचा डबा काढतात आणि बॉनेट घासतात. दारं नाही, डिकी नाही, कारण हार बॉनेटवर चढतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बॉनेट दिसतं. लहानपणी मीही बनियनच्या फडक्याने त्यांच्यासोबत घासलंय. फडकं निळं झालं की बाबा म्हणायचे, बघ किती मळ निघाला.

यंत्रावरचा आकडा त्यांनी विचारला. मी म्हटलं, ठीक आहे.

पुढचं सगळं हाताने केलं. बॉनेटला कंपाउंड नाहीच, फक्त बारीक पॉलिश, हलक्या हाताने, एकदाच. दारांवर जरा जास्त मेहनत घेतली. तिथे जाडी आहे. कडेच्या राखाडी रेघेवर काकांनी छोट्या ब्रशने रंग लावून दिला, जवळून कळतो. चौथ्या दिवशी वॅक्स. कार्नौबा, ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते रंग काढत नाही, वर बसतं. बॉनेटवरचे बारीक ओरखडे तसेच ठेवले, उन्हात तिरकं पाहिलं तर जाळं दिसतं. लग्नाच्या फोटोंत दिसत नाही, मी झूम करून पाहिलंय.

येताना शेडमधला बाबांचा कंपाउंडचा डबा मी गुपचूप पुण्याला आणला आणि त्या जागी वॅक्सचा ठेवला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फोन आला. नवीन डबा चांगला आहे म्हणाले, पण मळ काही निघत नाही बघ.