स्ट्रेप्टोमायसिन : क्षयावरील पहिलें प्रतिजैविक

प्रतिजैविक औषधांत पेनिसिलिनचा मान पहिला. परंतु मेणासारख्या कवचांत वावरणारा क्षयाचा जंतु त्याला दाद देईना. रॉबर्ट कॉख यानें १८८२ सालीं हा जंतु शोधून काढला खरा. तथापि पुढील साठ वर्षें वैद्यांपाशीं मोकळी हवा, दूध, अंडीं व विश्रांति यांपलीकडे सांगण्यासारखें फारसें नव्हतें. मिरज, पांचगणी येथील आरोग्यधामें याच आशेवर चालत.

१९४३ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील रटगर्स येथें एका तळघरांतील प्रयोगशाळेंत आल्बर्ट शॅट्झ या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याला मातींतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालें. त्याचे गुरु सेल्मन वाक्समन. १९५२ चें नोबेल पारितोषिक एकट्या गुरूला मिळालें. शिष्याला सहसंशोधक म्हणवून घेण्यासाठीं त्यापूर्वींच, १९५० सालीं, न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. विद्यादानाच्या क्षेत्राला ही गोष्ट शोभणारी नव्हे.

महायुद्धानें खंक झालेल्या ब्रिटनला हें औषध थोडेंच विकत घेतां आलें. तें कोणाला द्यावें? ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानें (तरुणपणीं तो स्वतः क्षयानें अंथरुणाला खिळला होता) निवड चिठ्ठ्यांवर सोंपविली. १०७ रोग्यांपैकीं ५५ जणांना औषध व विश्रांति, ५२ जणांना केवळ विश्रांति. वरवर निष्ठुर वाटणाऱ्या या योजनेंत न्याय होता. औषध सर्वांना पुरणारें नव्हतेंच. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकीं ४ दगावले, न घेणाऱ्यांपैकीं १४. चोहोंकडे जयजयकार झाला. परंतु पांच वर्षांनीं हिशेब मांडला, तों पहिल्या गटांतील ३२ व दुसऱ्यांतील ३५ रोगी मृत्यु पावलेले! कारण असें कीं, कोट्यवधि जंतूंत थोडे जन्मतःच चिवट असतात. एकट्या औषधानें दुबळे मरतात, आणि मोकळ्या झालेल्या रानांत चिवटांचें राज्य माजतें.

दुसरें संकट कानाचें. हें औषध जंतूच्या शरीरांत प्रथिनें घडविणाऱ्या यंत्रणेंत बिघाड करून त्याला मारतें. पण माणसाच्या अंतःकर्णांतील नाजूक केसाळ पेशींनाहि तें इजा करतें. तेथेंच शरीराचा तोल सांभाळणारें इंद्रिय आहे. म्हणून प्रथम भोंवळ येई, कित्येकांना पुढें बहिरेपण. मेलेल्या त्या पेशी पुन्हां उगवत नाहींत. जेन्टामायसिन, कानामायसिन, अमिकासिन हीं याच अमिनोग्लायकोसाइड कुळांतील औषधें. त्यांतहि हा दोष आहेच, शिवाय मूत्रपिंडांवर भार पडतो. पेनिसिलिनचें तसें नाहीं. तें जंतूच्या पेशीची भिंत बांधूं देत नाहीं. मानवी पेशीला अशी भिंतच नसल्यामुळें तें बहुतेकांना सोसतें. मात्र ज्याच्या प्रकृतीला तें वावडें आहे, त्याच्या जिवावर प्रसंग येऊं शकतो.

बिहारांतील मोतीहारी येथें जन्मलेला इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल याच्यासाठीं १९४८ सालीं अमेरिकेहून खटपटीनें स्ट्रेप्टोमायसिन आणविलें गेलें. त्याची कातडी सोलवटली, तोंडांत व्रण झाले, केस व नखें गळूं लागलीं. औषध थांबवावें लागलें. जानेवारी १९५० मध्यें तो वारला.

तोड निघाली ती औषधांच्या जोडीची. स्ट्रेप्टोमायसिनबरोबर पास हें औषध दिलें असतां चिवट जंतु क्वचितच डोकें वर काढीत. एकाच्या हातून निसटलेला दुसऱ्याच्या तावडींत सांपडे. १९५२ सालीं आयसोनियाझिड येऊन मिळालें. १९५६ पासून मद्रासेंत झालेल्या चाचणीनें तर आयसोनियाझिड व पास घेणारा गरीब रोगी आपल्या दाटीच्या घरांतहि आरोग्यधामांतल्या इतकाच बरा होतो, हें दाखवून दिलें. थंड हवेच्या ठिकाणाचा खर्च ज्यांना कधींच झेपला नसता, त्यांना ही बातमी औषधाहून कमी मोलाची नव्हती.

तरी सवय लौकर सुटत नाहीं. रोग उलटला कीं त्याच औषधांत स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया वाढवावयाच्या, ही रीत पुष्कळ वर्षें चालू राहिली. ती बंद करावी असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सांगितलें. आधीं जंतु कोणत्या औषधाला दाद देतो तें तपासावें, मग औषध ठरवावें.