शेगडीची दुरुस्ती : घरात किती, कारागिराकडे किती?

गॅसची शेगडी हे स्वयंपाकघरातील सर्वाधिक राबणारे आणि सर्वांत कमी निगा राखले जाणारे साधन होय. ती बिघडली की घराचे वेळापत्रकच कोलमडते. अंबरनाथ तालुक्यातील वांगणीसारख्या ठिकाणी हे विशेष जाणवते. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूरनंतर येणाऱ्या या गावातून मुंबई-ठाण्याकडे नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या घरात डबा पहाटेच तयार व्हावा लागतो. अशा वेळी कारागिराची वाट पाहण्यापेक्षा सुटा भाग आणून तो घरीच बसवावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. शेगडीची काही दुरुस्ती घरी निर्धोकपणे करता येते, काही मात्र कदापि करू नये. या दोहोंमधील सीमारेषा समजण्यासाठी शेगडीची रचना आधी समजून घ्यायला हवी.

शेगडी पेटते कशी?

सिलिंडरमधील गॅस रेग्युलेटरमधून सुमारे ३० मिलिबार इतक्या अल्प दाबाने नळीत येतो. नॉब फिरवला की तो कॉकमधून पितळी जेटपर्यंत पोहोचतो. जेटच्या अत्यंत बारीक छिद्रातून तो वेगाने बाहेर पडतो आणि त्या वेगामुळे आजूबाजूची हवा ओढून घेतो. मिक्सिंग ट्यूबमध्ये दोहोंचे मिश्रण होते आणि बर्नरच्या छिद्रांवर निळी ज्योत उमटते. गॅस आणि हवा यांचे प्रमाण हेच शेगडीचे मर्म आहे. बहुतेक बिघाड हे प्रमाण ढळल्याने होतात.

ज्योत पिवळी होऊन भांड्याला काजळी धरत असेल, तर हवा कमी पडते आहे, असे समजावे. मिक्सिंग ट्यूबमध्ये साचलेली धूळ, उतू गेलेले दूध, कोळ्याचे जाळे ही त्याची नेहमीची कारणे. ज्योत लहान असूनही निळी असेल, तर जेटमध्ये कचरा अडकल्याचा संभव अधिक. ज्योत 'फट्' आवाज करून आत ओढली जात असेल, तर बर्नरची टोपी नीट बसलेली नाही किंवा झिजून वाकडी झाली आहे. नॉब घट्ट फिरत असेल, तर कॉकमधील ग्रीस वाळले आहे.

स्टोव्हच्या पिनेची सवय

मराठी घरांत रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह दीर्घकाळ नांदला. त्याचा आवाज मंदावला की पिन घेऊन छिद्र साफ करायचे, हे घरातील लहानथोर सर्वांना ठाऊक असे. १९५५ मध्ये मुंबईत बर्मा-शेल कंपनीने घरगुती एलपीजीची विक्री सुरू केली आणि पुढे गॅस घरोघरी पोहोचला. परंतु पिनेची सवय मात्र गेली नाही. आजही ज्योत मंद झाली की हाताला येईल ती सुई जेटमध्ये घातली जाते. पितळ मऊ असते. पोलादी सुईने छिद्र किंचितही मोठे झाले, तरी गॅस अधिक येतो, हवा अपुरी पडते, ज्योत पिवळी होते आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. जेट कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, फुंकून व पूर्ण कोरडा करून पाहावा. एवढ्याने साफ न झाल्यास तो बदलावा. जेट ही स्वस्त वस्तू आहे. तिच्यासाठी धोका पत्करण्याचे कारण नाही.

घरी काय करता येईल?

काम सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढावा, सिलिंडरला सुरक्षा टोपी लावावी आणि शेगडी थंड होऊ द्यावी. त्यानंतर बर्नरच्या टोप्या, भांडे ठेवण्याच्या जाळ्या, नॉब, खालचे रबरी पाय आणि उतू गेलेले झेलणाऱ्या ताटल्या बदलता येतात. बर्नर ब्रशने घासून, छिद्रे मोकळी करून, पूर्ण वाळवूनच परत बसवावा. ओला बर्नर फडफडतो. नवी टोपी घेताना जुनी सोबत न्यावी. व्यासात थोडासा फरक असला, तरी कडेने ज्योत गळते.

रबरी नळी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. आयएसआय चिन्ह असलेली, तारेचे अस्तर असलेली 'सुरक्षा' नळीच वापरावी आणि तिच्यावर छापलेली मुदत पाहावी. ती साधारणतः पाच वर्षांची असते. नळी वाकवल्यावर भेगा दिसल्या किंवा उंदराने कुरतडल्याची खूण आढळली, तर मुदतीची वाट पाहू नये. नळीला जोड देऊ नये, तिच्यावर कापडी वेष्टन घालू नये आणि ती शेगडीच्या मागील तप्त भागावरून नेऊ नये.

कुठे थांबावे?

कॉक घरी उघडू नये. त्यातील शंकूच्या आकाराची किल्ली तिच्या घराशी घासून जुळवलेली असते. दोन कॉकच्या किल्ल्यांची अदलाबदल झाली, तरी गळती होऊ शकते. त्यात खाद्यतेल घालणे तर सर्वथा चूक. उष्णतेने ते चिकट होते. रेग्युलेटरची दुरुस्ती कुणाकडूनही करवून घेऊ नये. तो अनामत भरून वितरकाकडून मिळालेला असतो. बिघडल्यास तेथूनच बदलून घ्यावा.

ज्यांच्याकडे गॅसचा ओव्हन किंवा ज्योत विझताच गॅस बंद करणारी आधुनिक शेगडी आहे, त्यांना आणखी एक बिघाड आढळतो. नॉब सोडताच ज्योत विझते. तेथे थर्मोकपल या बारीक कांडीचा दोष असण्याचा संभव असतो. ज्योतीने तिचे टोक तापले की काही मिलिव्होल्ट वीज निर्माण होते आणि तीच झडप उघडी धरते. टोकावरची काजळी पुसून पाहावी; ते ज्योतीत नीट येते की नाही, हे तपासावे. उपयोग न झाल्यास त्याच लांबीचे व त्याच आट्यांचे थर्मोकपल कारागिराकडून बसवून घ्यावे. ही झडप निकामी करून ओव्हन चालू ठेवणे म्हणजे पहारेकऱ्याला रजा देण्यासारखे आहे.

पाइपगॅस आणि जेट

अंबरनाथ, बदलापूर परिसरात महानगर गॅसच्या नळाचे जाळे पसरत आहे. नळातून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो. समान आकारमानाच्या मिथेनच्या तुलनेत एलपीजीतून सुमारे अडीच पट किंवा त्याहून अधिक उष्णता मिळते. म्हणून पाइपगॅसच्या शेगडीला मोठ्या छिद्राचा जेट लागतो. तो जेट लावलेली शेगडी सिलिंडरला जोडली, तर ज्योत भडकते आणि काजळी धरते. घर बदलताना किंवा जुनी शेगडी विकत घेताना हे आवर्जून विचारावे. असे परिवर्तन गॅस कंपनीच्या प्रतिनिधीकडूनच करून घ्यावे.

न दिसणारी गळती

वांगणी परिसरात दृष्टिहीन कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. एप्रिल २०२१ मध्ये वांगणी स्थानकात एका दृष्टिहीन मातेचे रुळावर पडलेले मूल पॉइंट्समन मयूर शेळके यांनी वाचवले, तेव्हा ही बाब देशभर चर्चिली गेली. ज्योतीचा रंग पाहा, हा सर्वांत सोपा सल्ला अशा घरांत निरुपयोगी ठरतो. तेथे भांड्याच्या बुडाला हात लावल्यावर बोटांना लागणारी काजळी, बर्नरचा बदललेला आवाज आणि वास यांवरच निदान करावे लागते. अशा घरांसाठी ज्योत विझताच गॅस बंद करणारी शेगडी ही चैन नसून गरज मानायला हवी.

किंबहुना गळतीच्या बाबतीत डोळसही आंधळाच असतो. एलपीजीला स्वतःचा रंग नाही, वासही जवळजवळ नाही. त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर सर्व नॉब बंद ठेवून रेग्युलेटर सुरू करावा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले की गळती आहे. काडी पेटवून पाहण्याचा प्रकार कधीही करू नये.

वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये आणि घराबाहेर जाऊन १९०६ या एलपीजी मदत क्रमांकावर कळवावे.

पावसाळ्यानंतर

उल्हास नदीचा पूर या पट्ट्याला नवा नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना सुखरूप बाहेर काढावे लागले. पुराचे पाणी घरात शिरल्यास शेगडीच्या ट्यूबमध्ये आणि रेग्युलेटरमध्ये गाळ जातो. बाहेरून धुऊन ती स्वच्छ दिसली, तरी वितरकाच्या माणसाने तपासल्याशिवाय पेटवू नये.

सुट्या भागांसाठी या भागातील रहिवासी बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरच्या बाजारात जातात. तेथे जाताना जुना भाग, शेगडीचे मॉडेल आणि ती कोणत्या गॅसवर चालते, या तीन गोष्टी सोबत असाव्यात. स्वस्त नॉब घेतला तर फार तर तो लवकर तुटेल; नळी आणि जेट यांत केलेली काटकसर मात्र साऱ्या घराला महाग पडू शकते.