बापाला दिलेला शब्द

‘कंट्री म्युझिक’ म्हटले की मोठी टोपी, गिटार आणि झगमगता रंगमंच डोळ्यांपुढे येतो. पण या संगीताच्या इतिहासातले माझे आवडते पान एका किराणा दुकानातले आहे.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी एक खोरे आहे. त्याचे नावच ‘पुअर व्हॅली’, म्हणजे गरीब खोरे. तिथला ए. पी. कार्टर फळझाडांची रोपे विकत फिरायचा. त्याची बायको सेरा गायची आणि ऑटोहार्प वाजवायची. दिसायला हे वाद्य आपल्या स्वरमंडळाच्या जवळचे. पट्टी दाबली की नको त्या तारा मुक्या होतात. धाकटी भावजय मेबेल गिटार वाजवायची. अंगठ्याने जाड तारांवर चाल, बोटांनी बारीक तारांवर ठेका. एका गिटारीत दोघांचे काम. ऑगस्ट १९२७ मध्ये ब्रिस्टल गावी व्हिक्टर कंपनीच्या तात्पुरत्या स्टुडिओत या तिघांनी सहा गाणी ध्वनिमुद्रित केली. मेबेल तेव्हा १८ वर्षांची होती. पुढच्याच महिन्यात तिला मुलगी झाली.

रेकॉर्डी खपू लागल्या, तशी नवी गाणी हवी झाली. ए. पी. डोंगरातल्या घराघरांतून जुनी गाणी गोळा करू लागला. सोबत असे लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक. ए. पी. शब्द टिपून घेई, रिडल चाल डोक्यात साठवी. काळ्या-गोऱ्यांनी एका पंगतीला बसू नये, असा तो काळ. गाणी मात्र त्या दोघांच्या सोबतीतून घरी आली. रेकॉर्डींवर नाव लागले ते ए. पी.चे, रिडलचे लागले नाही. १९६० च्या दशकात माइक सीगर या संगीतकाराने त्याला शोधून त्याचे वादन ध्वनिमुद्रित केले, तोवर त्याने वाजवणे सोडलेलेच होते.

कार्टरांचे घरही पुढे मोडले. सेरा आणि ए. पी. विभक्त झाले. काही वर्षे ते एकत्र गात राहिले, पण १९४० च्या दशकात तेही थांबले. ए. पी.ने खोऱ्यात किराणा दुकान थाटले. १९६० मध्ये तो वारला. त्याआधी मुलगी जेनेट हिच्याकडून त्याने शब्द घेतला होता, की हे गाणे चालू ठेव.

१९७४ मध्ये जेनेटने बापाच्या त्याच जुन्या दुकानात दर शनिवारी गाणे सुरू केले. दुकान अपुरे पडू लागले, तेव्हा भाऊ जो याच्या मदतीने १९७६ मध्ये शेजारीच मोठी शेड उभी राहिली. नियम दोन : विजेवर चालणारी वाद्ये नकोत आणि दारू नको. पहिल्या नियमातून सूट होती जॉनी कॅशला. इतका मोठा गायक. पण इथे तो मेबेलच्या जूनचा नवरा, म्हणजे घरचा जावई! जून गेल्यावर काही आठवड्यांनी, ५ जुलै २००३ रोजी, तो इथेच लोकांसमोर शेवटचे गायला.

जेनेट जानेवारी २००६ मध्ये वारली. त्याच्या आदल्या वर्षी तिला अमेरिकेचा राष्ट्रीय लोककला सन्मान मिळाला होता. पुढे तिच्या मुलीने हा वसा घेतला.

कवी म्हणून मला या कथेत दोन माणसे सोडवत नाहीत. एक जेनेट. बापाचे प्रेम तिने देव्हाऱ्यात ठेवले नाही. दर शनिवारी दार उघडले, खुर्च्या मांडल्या, लोकांना गायला लावले. दुसरा रिडल. बापासाठी लेक उभी राहते. जो कुणाचा नातेवाईक नव्हता, त्याची आठवण कोण ठेवणार? जात्यावरच्या ओव्या ज्यांनी रचल्या, त्या बायांची नावे तरी आपल्याला कुठे ठाऊक आहेत? म्हणून कार्टरांची ती जुनी गाणी लावली की मी रिडलचेही नाव घेतो. घरात कुणी ऐकणारे असले, तर मोठ्याने.