दर्यावर आपले नाव

मी सानपाड्यात, खाडीच्या जवळ राहतो. हल्ली समुद्र आणि मुसलमान म्हटले की लोकांना तस्करच आठवतो. म्हणून ही नोंद.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये फिनलंडच्या नौकापटूंनी शिडाच्या शर्यतींत एक रौप्य, दोन कांस्य पदके जिंकली. देश रशियाच्या झारच्या ताब्यात, तरी संघ स्वतंत्र उतरला होता.

आपल्याकडे? मुंबईत १८४६ पासून यॉट क्लब होता, पण साहेबांचा. कोकणी मुसलमान सारंग, तांडेल, खलाशी होऊन आगबोटींवर राबले. दर्या त्यांची रोजी होता, शर्यत दुसऱ्यांची.

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकच्या शिडाच्या शर्यती कील येथे, त्याच बाल्टिक समुद्रावर झाल्या. फ्लाइंग डचमन या दोघांच्या होडीत भारताकडून उतरले सोली कॉन्ट्रॅक्टर आणि ए. ए. बासित, एक पारशी, दुसरा मुसलमान. पदक मिळाले नाही. अशा होडीत एकाने तोल सोडला तर दोघेही पाण्यात जातात. तिथे कुणी कुणाची जात विचारत नाही.

दहा वर्षांनी एशियाडमध्ये, मुंबईच्याच समुद्रात, फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण जिंकले. त्या वाटेवरची पहिली पावले विसरू नयेत. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंसोबत बासितांचेही नाव सांगा.